ओलाच बसतो

हिप्परग्याच्या तलावात उभ्या वाळक्या बाभळीवर
पाणकावळा पंख पसरून बसलाय,
यल्लव्वाच्या दोरीवरल्या टॉवेलांसारखा ठिबकत.

श्रीशैलनं जहाजावरून फोटो पाठवलाय:
तिथलाही पाणकावळाच. पोट पांढरं,
डोळ्याभोवती निळं कडं,
डाय हाऊसच्या गटारीतून वाहायचं तसलं निळं.
खाली ओळ: मामा, हा पंख वाळवत नाही.
ओलाच बसतो, वाऱ्याकडे तोंड करून.

बेटाचं नाव मला वाचता येईना.
माग विकले तेव्हा हे पोरगं
रडलं नव्हतं. नुसतं
शेवटची कांडी खिशात घालून गेलं.

बेचाळीस डिग्री.
समोरच्यानं पंख मिटले, बुडी मारली.
मी टाइप केलं, स्वेटर घालतोस ना?
खोडलं.
मग लिहिलं,
ये एकदा.
इथं ऊन फुकट आहे.