सदतीस ओळी

बाई म्हणाल्या, यंदा अहवाल एका पानात बसव.
मागच्या खेपेला पाहुण्यांना डुलकी लागली
आणि ती व्हिडिओत आली.

एक पान म्हणजे माझ्या टंकात सदतीस ओळी.
त्यातल्या पाच व्यासपीठच खातं:
सन्माननीय, आदरणीय, सरपंच, माजी सरपंच,
मंडप फुकट देणारे नानू सावईकर.

दहावी. चोवीस बसले, तेवीस पास.
पहिली सुलक्षा वरक, एक्याऐंशी टक्के.
पुढे बाईंच्या हातचं होतं,
‘धनगरवाड्यावरून शिकायला येणारी’.
दाखला न्यायला आलेली सुलक्षा
टेबलाशी उभ्याउभ्या ते वाचून म्हणाली,
पहिली आले, एवढं पुरे ना?
मी खोडलं.
एक ओळ वाचली.

घुमट आरती, वाळपईला, उत्तेजनार्थ.
रस्त्यात गवा आडवा आला, कदंबाने करकचून ब्रेक मारला,
चार घुमटांतलं एक तिथेच फुटलं.
चौथ्या पोराने मग बाईंच्या पाण्याच्या कळशीवर हात चालवला.
परीक्षकाला कळलं नसेल.
कळलं असेल तर भला माणूस.
मी लिहिलं, ‘प्रतिकूल परिस्थितीत’.

विज्ञान प्रदर्शन. गवे हाकलायचा भोंगा,
ॲल्विटो डिमेलो, नववी, थेट राज्य पातळीवर.
पणजीत भोंगा असा वाजला की शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी सांडला.
घरच्या काजूबागेत मात्र, तोच सांगतो,
गवे कान टवकारून ऐकत उभे राहिले
आणि संपल्यावर परत चरायला लागले.
प्रमाणपत्रावर छापून आलंय: अलविदा डिमेलो.
नांव चुकलां, म्हणाला, हसत.
त्याच्या आईने तेच फ्रेम करून
क्रुसाखाली लावलंय.

पाचवीत नवे प्रवेश नऊ.
बाईंनी नऊ खोडून ‘निवडक’ केलं.
मी चष्मा पुसला, तसंच टंकलं.

खिडकीतून वास येतो बोंडांचा,
वरच्या भटीवर नीरो गळतोय.
ह्या दिवसांत निम्मा वर्ग बिया वेचायला जातो,
हजेरीपत्रकात त्याला ‘आजारी’ म्हणायची रीत आहे.
यंदाचा आजार किलोला बराच भाव देऊन गेला म्हणतात.

आता तो एक.
चोवीसातून तेवीस वजा केले की उरतो तो.
नाव कुठेच नाही, असायचं कारणही नाही.
दयेश गावस, गणितात गेला.
परीक्षेच्या आदल्या रात्री बापाला ताप होता,
भटीचा जाळ ह्याने सांभाळला,
हे त्याने सांगितलं नाही, त्याच्या बहिणीने सांगितलं,
तेही मी फी विचारली म्हणून.
मंडपाचे वासे त्यानेच रोवले.
दिव्यांच्या माळा त्याच्या, खुर्च्या त्याच्या,
फाटकावरचं ‘स्वागतम्’ त्याच्या हातचं, थोडं उजवीकडे कललेलं.
कागदावर दोन ओळी शिल्लक होत्या.
मी बराच वेळ बोटं कळांवर ठेवून बसले
आणि मग नानू सावईकरांचे पुन्हा एकदा आभार मानले.

संध्याकाळी बाई उभ्या राहिल्या, कागद उघडला,
‘सन्माननीय’ म्हणाल्या आणि माईक किंचाळला.
पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले.
पडद्यामागून दयेश आला,
नव्या शर्टाची घडी अजून मोडली नव्हती,
दाताने वायर सोलली, पिळली, खोचली,
माईकशी वाकला.
एक, म्हणाला. दोन. तीन.
चार.
पोरांनी शिट्ट्या मारल्या, सुलक्षाने टाळी दिली,
बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला,
अर्धा क्षण,
आणि अहवाल पहिल्या ओळीपासून सुरू झाला.

प्रत फाईलला लावलीय.
समासात, पेन्सिलीने, खोडता येईल असं,
मी एक नाव लिहून ठेवलंय.
पुरवणी परीक्षा जूनमध्ये आहे.