डावीकडची घरं

पेतोर्काच्या कोरड्या नदीकाठी, नगरपालिकेच्या मागच्या खोलीत
यास्ना ओलिवारेस संगणक सुरू करते
आणि तो जागा होईस्तोवर पावावर आवोकाडो फासते.
दरीतलं पाणी ज्या झाडांनी ओढलं, त्यांचंच फळ.
तिला ठाऊक आहे. भूकही आहे.

दोन टेबलं.
डावीकडे घरं, चारशे बारा.
उजवीकडे खेपा: टँकर कधी, कुठे, किती लिटर ओतून आला.
सोमवारी अहवाल वरच्या कचेरीत जातो,
घरटी सरासरी इतके लिटर.
आकडा बरा असतो. इतका बरा,
की एक टँकर कमी करायचं घाटतंय.

बुधवारी एलेउतेरियो दारात उभा राहिला,
टोपी हातात, बुटांवर पांढरी धूळ.
"ती वरची दोन्या एर्मिन्दा, तुमच्या कागदात आहे का हो?
कडा खचल्यापासून माझी गाडी चढत नाही तिथे.
महिना होत आला."

कागदात नव्हती.
घरांच्या टेबलात होती: क्रमांक तीनशे सात,
टाकी अकराशे लिटरची, निळी.
मेली नव्हती, घर सोडून गेली नव्हती,
नुसती जुळली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी यास्नानेच लिहिलेली ओळ, घाईत.
कोडमधून ती डेटाबेसशी थेट बोलत नाही,
मध्ये एक दुभाष्या आहे, गोडबोल्या;
नुसतं 'जोड' म्हटलं की तो आपल्या मनाने समजतो:
जोडीने आलेल्यालाच पान वाढायचं.
एकटा आलेला दारातूनच परत,
आणि यजमानाला पत्ताही लागत नाही.

तिने बदललं. लेफ्ट आउटर.
डावीकडचं सगळं येऊ दे, उजवीकडे काही असो-नसो.
चालवलं.
तीनशे एकाहत्तर.
पुन्हा तेच तीनशे एकाहत्तर.

पाव वाळला. दुपार झाली.
मग खाली, अगदी शेवटी, ती अट दिसली:
जिथे खेपेचा महिना मार्च.
आता रिकाम्या रकान्याला कुठला आलाय महिना?
तो मार्च नाही,
आणि मार्च नाही असंही त्याला म्हणता येत नाही.
एका दाराने आत घेतलेली माणसं
दुसऱ्या दाराने बाहेर काढत होती ती, स्वतःच्या हाताने.
तिने अट उचलली, वर नेली,
जोडणीच्या बोलणीतच बसवली.

चारशे बारा.

आणि लगेच पडदा लाल: बेरीज अडली.
एक्केचाळीस घरांपुढे लिटरच्या जागी नल.
(आपल्याकडे नळ आणि नल यांत एका अक्षराचं अंतर.
तिच्या भाषेत ही सोय नाही.)
शून्य घाल, दुभाष्या सुचवतो, एका शब्दाचं काम.
पण शून्य म्हणजे कुणीतरी गेलं होतं, पाइप लावला होता,
आणि काही आलं नाही.
इथे तर कुणी गेलंच नव्हतं.
तिने बेरजेपुरतं शून्य घेतलं,
यादीत मात्र लिहिलं: खेप नाही.

सरासरी घसरली.
साहेबांचा फोन वाजत राहिला. तिने वाजू दिला.

एलेउतेरियोने यादी गुडघ्यावर पसरली,
नखाने एकेक नाव खाली नेत गेला.
इथे खेचर जाईल. इथे पाइप जोडता येईल, पुतण्याकडे आहे.
एर्मिन्दा, हं.
मग नख थांबलं.
"हा फ्रोइलान. हा जानेवारीतच गेला.
मी होतो मातीला."

यास्ना बघत राहिली.
डावीकडचं सगळं येऊ दे, असं तिनेच म्हटलं होतं.

"काढू?" तिने विचारलं.
तो थोडा वेळ काही बोलला नाही.
"त्याची कुत्री आहे अजून वर," म्हणाला.
"बादलीभर लागेल."