मसुराएवढी बॅटरी

फाइलवर तीन दिवस एकच शब्द : गोंधळलेला.
रात्रपाळीने लिहिला, दिवसपाळीने उतरवून घेतला,
एकदा मीही.
खाट सात. आउदेलिनो कार्कामो, वय एक्याऐंशी,
चिलोएच्या थंड पाण्यात जन्मभर शिंपले काढलेले.
डावा पाय घोट्यापर्यंत काळा.

संमतीच्या कागदावर मुलाची सही.
उद्या सकाळी आठ.
रेमिहिओ वाईट माणूस नाही,
बाकड्यावर बसल्या बसल्या झोपतो, बूटसुद्धा काढत नाही.

डॉक्टर विदाउरे खाटेच्या पायथ्याशी उभे राहून बोलतात.
म्हातारा ओठ शोधतो,
त्याला मास्क दिसतो.
हसतो, मान हलवतो.
"बघा," डॉक्टर म्हणतात, "काही कळत नाहीये."

कानाचं मशीन खणात होतं,
टिश्यूत गुंडाळलेलं, कवळीच्या डबीमागे.
नाक्यावरच्या दुकानातून बॅटरी आणली, मसुराएवढी.
माझ्याच पैशांनी. सांगायचं कारण नाही, पण सांगते.
कानात बसवलं, बारीक शिट्टी वाजली,
आणि तो म्हणाला,
"त्या ट्रॉलीच्या चाकाला तेल घाला कुणीतरी."

मग खुर्ची ओढून बसले.
कापला तर काय, नाही कापला तर काय,
सगळं सांगितलं, न घाबरवता, न गोंजारता.

खरं सांगू? मला "नाही" हवं होतं.
माझ्या बापाचा पाय असाच काढला,
तीन हिवाळे तो शेगडीजवळ बसून
विजारीच्या रिकाम्या पायाला गाठ मारायचा, सोडायचा.
त्याला कुणी विचारलंच नव्हतं.
मी भांडायची वाक्यं जुळवून ठेवली होती.

आउदेलिनो म्हणाला, "कापा.
पण उद्या नको. शुक्रवारी.
गुरुवारच्या बोटीने लेमुईहून बहीण येतेय.
तिला उभ्यानं भेटायचंय."

माझी वाक्यं माझ्याकडेच राहिली.
त्याचं तेवढं घेऊन गेले, जसंच्या तसं.

दोन दिवसांत विष वर चढेल, डॉक्टर म्हणाले, धोका आहे.
"धोका त्यांना सांगा," मी म्हटलं, "आता ऐकू येतं."
वॉर्डात कुणीतरी खोकलं.
माझे हात थरथरत होते, खिशात घातले.

बऱ्याच वेळानं डॉक्टर त्या खुर्चीत बसले,
मास्क हनुवटीखाली.
म्हाताऱ्यानं दोनदा विचारून घेतलं,
तिसऱ्यांदा म्हणाला, शुक्रवार.

फाइलवरचा शब्द मी खोडला.
नियमाप्रमाणे एकच रेघ, खालचं वाचता येईल अशी.
शेजारी लिहिलं : बॅटरी संपली होती.
सही.

बोट उशिरा आली.
एर्सिरानं आधी त्याला दाढीवरून झापलं.
तो उभा राहिला,
एका बाजूला रेमिहिओ, एका बाजूला मी.
किती वेळ, ते मोजलं नाही.

शुक्रवारी ऑपरेशनच्या दारात
मशीन काढून घ्यायची पद्धत आहे.
भूल चढेपर्यंत राहू द्या, म्हटलं,
तेवढ्यात कुणी काही विचारलं, तर?