चालू मशीनची देखभाल

दर दुसऱ्या गुरुवारी, कंपनीला सुट्टी म्हणून,
भोसरीहून बस, कासारवाडीला मेट्रो,
सिव्हिल कोर्टला बदलायची, नळ स्टॉपला उतरायचं.
पहिला मजला. तस्नीम म्हणते, काका, लोखंड काढा.
घड्याळ, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल,
आणि सहा इंची स्टीलची पट्टी,
जी सुट्टीच्या दिवशीही माझ्या खिशात असते.

पहिल्यांदा आलो तेव्हा विचारलं होतं,
डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का?
मी हसलो. सहा महिन्यांत पहिल्यांदा.
सत्तावीस वर्षं सरफेस ग्राइंडरवर,
कण कुठे गेला नाही ते विचारा.
एक्स-रे काढला. डोळा साफ निघाला.
बाकीचं एक्स-रेत येत नव्हतं.

लोहचुंबक मला नवा नाही.
मॅग्नेटिक चकवर जॉब ठेवायचा, खटका फिरवायचा,
बसला की हलत नाही,
मग मायक्रॉन-मायक्रॉनने घासायचा.
इथे जॉब मी.
कपाळाच्या डाव्या अंगाला आठाच्या आकाराची कॉइल,
कानात बोळे, आणि सुतारपक्षी सुरू.
टकटकटकटक. थांबा. परत.
पापणी आपोआप लवते, दाढ थरथरते.
अठरा मिनिटं मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या
संकष्ट्या मोजतो.

त्या वर्षी, सांगायचं तर, रडलोबिडलो नाही.
फक्त बुटाची नाडी हातात धरून
सकाळची पाळी निघून गेली.
हेमांगी म्हणाली, अहो, बस!
बस म्हणजे गाडी, की खाली बस, की पुरे,
एवढंच दुपारपर्यंत डोक्यात.

गोळ्या झाल्या. मग या खुर्चीतले तीस दिवस.
चहाला चव आली ती एकदम नाही,
आधी आलं लागलं,
आठवड्याने साखर.

आता मेहुणा विचारतो,
बरे आहात ना? मग जाता कशाला? पैसे वर आलेत?
टूलरूममध्ये माझ्याकडे एक वही असते.
मशीन ठीक चालू असतानाच बंद करायचं,
तेल, पट्टा, फिल्टर बघायचा,
आणि 'आढळलेला दोष' या रकान्यात लिहायचं: नाही.
पानंच्या पानं नाही, नाही, नाही.
दर नवा मॅनेजर ती वही चाळून
मेहुण्यासारखाच बघतो.

पण खात्री मलाही नाही.
मागच्या वर्षी पुतण्याच्या लग्नात तीन फेऱ्या चुकल्या.
नंतर एका संध्याकाळी वाण्याकडे
दोन साबणांपुढे उभा राहिलो, हिरवा की निळा,
तो शटर ओढायला लागेपर्यंत.
फेऱ्या चुकल्या म्हणून? की वय? की उगाच?
डॉक्टरबाई म्हणाल्या, नक्की सांगता येत नाही. या तुम्ही.
ते 'सांगता येत नाही' मला पटलं.
मायक्रोमीटरलासुद्धा लीस्ट काउंट असतो,
त्याच्या खालचं तोही बोलत नाही.

सुतारपक्षी थांबतो. कपाळ जरा ठणकतं.
पट्टी खिशात, बक्कल जागेवर.
नाडी सुटली होती, ती जिन्यात बांधली.
खाली कर्वे रोडवर गाड्यांचा कलकलाट,
आणि हेमांगीचा फोन: येताना साबण आणा.
कुठला, ते बोलली नाही.