मागं द्यायचा चेंडू

क्रीडा विभागाच्या कपाटात तो सापडला,
पिसं गेलेल्या शटलकॉकच्या ढिगाखाली,
दोन्ही टोकांना निमुळता, हवा गेलेला.
"हे काय बे?" अंबादास चिप्पा म्हणाला.
म्हेत्रे सरांनी जुनं बिल शोधलं : रग्बी, नग एक.
कुणीतरी चुकून मागवला असणार.

घरी नेला तर वडिलांनी हातात फिरवून पाहिला.
म्हणाले, धोटा आहे हा. नुसता दोरा नाही.

नियम सरांनी मोबाईलवर वाचून दाखवला :
पळायचं पुढं, चेंडू द्यायचा मात्र मागं.
आम्ही आठवडाभर हसत होतो.
रेवणसिद्ध म्हणाला, यात काय नवीन,
थोरल्याची पँट आमच्यात अशीच येते.

जर्सी दिल्या अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यानं,
पाठीवर आमच्या नंबरापेक्षा मोठं त्यांचं नाव.
कापडही टॉवेलचंच. घाम पीत राहायचं,
उत्तरार्धात प्रत्येक गडी
किलोभर जड.

ऑगस्टात बार्शीशी हरलो.
सांगलीत चिखल होता, त्याची आम्हाला सवय नाही,
आमच्याकडं पडलं की सोलवटतं.
कोल्हापूरवाल्यांनी हरवून वर जेवायला वाढलं,
रस्सा असा की इरण्णा म्हणाला,
पुढच्या वर्षी पण हरायला येऊ.

मुस्तकीम बागवान पहाटे मार्केट यार्डात कलिंगडं उतरवायचा.
ट्रकवरून आलेलं झेलायचं, खाली ठेवायचं, परत वर बघायचं.
त्याच्या हातून चेंडू अख्ख्या हंगामात एकदाच सुटला,
साताऱ्यात, ऊन डोळ्यांवर होतं.
एसटीत मोहोळपर्यंत बोलला नाही.
मग म्हणाला, फुटलं असतं तर भरून द्यावं लागलं असतं.

मी बारावा. अख्ख्या हंगामात चार मिनिटं.
एरवी माझ्याकडं बाटल्या, बर्फ,
आणि सगळ्यांचे मोबाईल, उशीच्या अभ्र्यात.
ऐन खेळात अंबादासच्या आईचा वाजायचा.
"जिंकूलालेत का?"
"खेळूलालेत, अम्मा."
मागून पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज.
ती हजार मोजत असायची,
आकडा चुकेल म्हणून जास्त विचारायची नाही.

जानेवारीत गड्डा भरला, मैदान पाळण्यांना गेलं.
जत्रा उठल्यावर आम्ही ओळीनं वाकून चाललो,
खिळे, बांगडीचे तुकडे, भेळेचे कागद.
एका लहान पोरीची चप्पल सापडली, लाल, डाव्या पायाची.
सरांनी ती कोपऱ्यातल्या खुंटीवर अडकवली.
महिनाभर होती.

शेवटचा सामना घरचा. लातूरचा संघ आलाच नाही.
फक्की मारून झालेली, रेघा अजून पांढऱ्याशुभ्र.
पंचांनी घड्याळ पाहिलं, परत पाहिलं,
वहीत लिहिलं : सोलापूर विजयी.
म्हणाले, एकदा तेवढा चेंडू रेघेपलीकडं टेकवा,
बरं दिसतं.

"ये बे, बारा," अंबादासनं हाक मारली.

मी पळालो. समोर कुणीच नाही,
नुसतं मैदान, ती चप्पल, गिरणीची चिमणी.
मागून अकरा जण ओरडत येत होते.
रेघ चार पावलांवर आली
आणि माझे पाय थांबले.
का ते मला आजही नीट सांगता येत नाही.
वळलो, चेंडू मागं दिला.
मुस्तकीमनं तो पोटाशी झेलला, खाली ठेवला नाही,
मागं दिला. रेवणसिद्धनं मागं. इरण्णानं मागं.
चेंडू रेघेपासून लांब लांब जात राहिला,
हात बदलत, कुणाच्याही हातून न पडता,
पंच शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले.

अभ्र्यात फोन वाजत होता.
हजाराच्या जवळ आली असेल ती.