दरपत्रक

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही लातूरहून निघालो
इस्लापूरच्या पुढे, पैनगंगेकडे,
जिथं नदी काळ्या खडकांतून
जरा घाईत असते.
मागच्या सीटवर तीन टॉवेल, चिवड्याचा डबा
आणि सवयीनं भरून घेतलेल्या
पाण्याच्या पाच बाटल्या.
नदीला जाताना पाणी कोण नेतं, हिनं विचारलं.
म्हटलं, लातूरचे.

काठावर बाभळीला टांगलेला पत्रा,
त्यावर ऑइलपेंटनं दर:
पायडलची बोट ऐंशी, काहिलीतून फेरी साठ,
एकट्याची होडी दीडशे, वल्हं आपलं आपण मारायचं,
राफ्ट, खालच्या तीन धारांतून, माणशी चारशे.
आणि अगदी तळाशी, रंग संपत आल्यासारखं फिकट:
कड्यावरून उडी.
पुढे आकडा नाही.

कृत्तिकाचं बोट थेट राफ्टवर.
हिचं पायडलवर, तेवढाच गुडघ्यांना व्यायाम.
मी पत्रा पुन्हा वरून वाचायला घेतला,
घरी वीजबिल वाचतो तसा.

मुंजाजी भोई बिडी विझवत म्हणाला,
"पवता येतं का, सायेब?"
विहिरीत शिकत होतो, मी म्हणालो,
पाठीला तेलाचा डबा बांधून.
"मग डबा कवा सोडला?"
डबा सुटायच्या आधी विहीर आटली.
तो हसला नाही.
जाकिटाचे पट्टे त्यानं दोनदा ओढून पाहिले.

आधी काहिलीत बसलो.
एके काळी हिच्यात गूळ शिजायचा.
गुऱ्हाळ मोडलं, काहील नदीत आली.
तिला पुढं नाही, मागं नाही;
वल्हं लावलं की ती जाते कमी, फिरते जास्त.
बाभळी फिरल्या, पत्रा फिरला, ही फिरली,
मी कड गच्च धरून बसलो,
जणू अजून चटका बसेल.
"इथं किती खोल आहे?"
"कुणी मोजलंय? धारेत दगड दिसायलाय,
आवाज यायलाय. भ्यायचं तर इथं भ्या."
हे त्यानं डोहाच्या ऐन मधोमध सांगितलं.

मग त्या दोघी राफ्टमध्ये गेल्या.
ऋषिकेशला दोन मोसम काढून आलेला इम्तियाज
मागे उभा राहून ओरडत होता: पुढे! पुढे! थांबा!
मी काठानं धावलो,
एका हातात तीन जोड चपला,
दुसऱ्यात हिचा चष्मा.
पहिल्या धारेला राफ्ट नाक वर करून थबकली,
दुसरीला दिसेनाशी झाली,
आणि तिसरीतून एक आरोळी आली
जी मला ओळखू आली नाही.
चौदा वर्षं झाली लग्नाला.
हा आवाज ही कुठं ठेवत होती?

म्हणून मी कड्यावर चढलो.
वरून पाणी हिरवं, लहान,
परातीत मावेल एवढं.
अंगठे दगडाच्या कडेबाहेर काढले.
आत घेतले.
एक खंड्या माझ्या शेजारून
काही विचार न करता खाली गेला
आणि मासा घेऊन वर आला.

पायऱ्यांनी उतरलो तेव्हा मुंजाजीला विचारलं,
उडीचा दर का नाही लिहिला?
"उडीचं काई घेत नाई, सायेब.
वर जाऊन पायऱ्यांनी येणाराचे दहा रुपये."
मी दिले. त्यानं सुटे म्हणून
एक शेंगदाण्याची चिक्की दिली.

घरी आलो, आणि तीन दिवसांनी नळ आला,
पहाटे सव्वातीनला, नेहमीसारखा खोकत.
अंधारात आमची रांग लागली: नळ, ही, मी, कृत्तिका, ड्रम.
बादल्या हातोहात सरकू लागल्या.
पुढे! कृत्तिका ओरडली. पुढे! बाबा, थांबा!
वरच्या मजल्यावरचे देशपांडे
खिडकी उघडून बघू लागले.
ड्रम काठोकाठ भरला. मी हात घातला.
कोपर बुडालं, खांदा बुडाला,
तळ काही लागेना;
मग लागला.