कंसातलं कलम

सात देशांचे संरक्षणमंत्री, म्हणून टेबल गोल.
गोल टेबलालाही डोकं असतं
हे मला परवा कळलं,
दाराकडे पाठ कोणाची, यावर दीड तास फोन चालले तेव्हा.
मी फुटपट्टीनं झेंडे मोजले.
एक अर्धा सेंटिमीटर उंच निघाला.
काठी तळातून घासली.

विषयपत्रिकेवर समुद्र.
खिडकीतही समुद्रच, पण पडदे ओढलेले, आदेशानुसार.
पडद्यापलीकडे बधवार पार्कच्या बोटी
चार दिवस दोरीला. बंदोबस्त.
रात्रीच्या जेवणात सरंगा होता,
वेरावळहून आलेला, बर्फातला.
एका मंत्र्यांनी विचारलं, इथलाच ना?
मी मान हलवली,
हो आणि नाही यांच्या मधोमध.

मसुद्याच्या झेरॉक्स मीच वाटल्या.
कलम चौदा: संकटातल्या नौकेला, ध्वज न पाहता, मदत.
भोवती चौकोनी कंस.
कंस म्हणजे कोणाचं तरी अजून अडलंय,
बुलसारा मॅडमनी समजावलं.
अडलं होतं तीन शब्दांवर.
ध्वज न पाहता.

हिराजीमामाचं इंजिन बसलं तेव्हा
तो पाच रात्री वाहत गेला.
शेवटी बांबूला लुंगी बांधून उभा राहिला.
जी बोट आली
तिच्यावरची अक्षरं त्याला लागेनात.
त्यांनी आधी दोर टाकला,
नाव मग विचारलं.
वीस लिटर डिझेल, चार कांदे,
आणि एक पाना, चौदा-पंधराचा,
परत करायचा राहून गेलेला.
अजून आमच्या फळीवर आहे. गंजू देत नाही तो.

तिसऱ्या दिवशी फोटो झाला, हातात हात.
निवेदनात तेरा कलमं.
चौदावं पुढच्या बैठकीत, दुसऱ्या कुठल्या राजधानीत.
वाईट कोणीच नव्हतं.
एकानं तर त्या तीन शब्दांपायी
ताटाला हात लावला नाही,
ते ताट मीच उचललं.

ग्लास गोळा केले, पडदे उघडले.
मामा गेटबाहेर उभा, पास नाही म्हणून.
"सुटला का दर्या?"
उद्या पहाटे चारला.
"नि तुमचा काय झाला?"
तेरा झाली, म्हटलं. एक कंसात.
त्याला कंस कळेना.
मी दोन्ही हात हवेत वाकवून दाखवले.
तो बघत राहिला, माझ्या हातांमधल्या रिकाम्या जागेकडे.
"डोल हाय का ती?"
म्हणाला, आणि बर्फाची ऑर्डर द्यायला निघून गेला.